फवारणीआधी भिंग लावून बघा

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पुरवणीत अमेरिकेत मुलांकडं जाऊन राहणाऱ्या आई-वडिलांबद्दल वाचलं, तिकडं गेल्यावर बरेचजण बागेचं काम अंगावर घेतात असं त्यात होतं, माझंही तेच झालं म्हणून हे लिहितोय.

मी निफाड तालुक्यातला द्राक्षवाला. मुलगा मिशिगनला असतो. त्याच्या कुंपणाला लागून ब्लू स्प्रूसची नऊ झाडं आहेत, ख्रिसमस ट्रीच्या आकाराची, निळसर सुयांची, शेजारचं घर दिसू नये म्हणून आधीच्या मालकानं सहा-सहा फुटांवर दाट लावलेली. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये गेलो तेव्हा खालच्या फांद्या आतल्या बाजूनं जांभळट-तपकिरी पडत होत्या, टोकाच्या नव्या सुया मात्र हिरव्यागार. मुलानं झाडांना औषध मारणाऱ्या एका कंपनीला फोन केला, त्यांचा माणूस आला, लांबूनच बघून माइट्स आहेत म्हणाला, म्हणजे आपला लाल कोळी, झाडाचा रस शोषणारी अगदी बारीक कीड, आणि जुलैत दोनदा कीटकनाशक मारून गेला. मी गप्प बसलो, परक्या मुलखातलं झाड, आपल्याला काय कळतंय असं वाटलं. ते चुकलंच माझं, अजून मनाला लागून आहे.

ऑगस्टमध्ये सुया गळायला लागल्या तेव्हा राहवलं नाही. आपण बागेत करतो तेच केलं, फांदीखाली पांढरा कागद धरला आणि फांदी झटकली. कोळी असला तर कागदावर बारीक ठिपके चालायला लागतात, बोट फिरवलं की रेघ उमटते. काहीच चाललं नाही. फांदीवर जाळं नाही, सुयांवर कोळी रस शोषतो तेव्हा पडतात तसे पिवळे टिपके पण नाहीत. आणि स्प्रूसवरचा कोळी हा थंडाव्यातला, वसंतात आणि पानगळीच्या दिवसात वाढणारा, जुलैच्या उन्हात तो आपणहून कमी होतो, मग तेव्हा औषध मारून काय मिळणार? उलट तसल्या औषधानं कोळी खाणारे मित्रकीटक मरतात आणि पुढं खरा कोळी वाढतो, हे आपण द्राक्षात भोगलेलं आहे.

मग भिंग काढलं. चांगल्या सुईवर पांढऱ्या ठिपक्यांच्या सरळ ओळी दिसतात, ती तिची श्वासाची छिद्रं. आजारी सुईवर त्याच ओळीत काळे टिपके होते, एका रांगेत, काहींच्या डोक्यावर पांढऱ्या मेणाची टोपी अजून तशीच. ही बुरशी. फांदी मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लॅबला पाठवली, उत्तर आलं ऱ्हायझोस्फेरा, म्हणजे स्प्रूसच्या सुया गाळणारी बुरशी.

हिचं वागणं द्राक्षावरच्या डाऊनी रोगाशी झुंजणाऱ्या आपल्या माणसाला लगेच कळेल. पावसाच्या थेंबांबरोबर उडते, सुई ओली राहिली की आत शिरते, शिरते वसंतात कोवळ्या सुईत पण दिसते दुसऱ्या वर्षी. म्हणजे तपकिरी सुई बघून औषध मारणं म्हणजे वर्षभर उशीर. नव्या सुया निम्म्या वाढल्या की, मेच्या मध्या-अखेरीला, पहिली फवारणी आणि तीन-चार आठवड्यांनी दुसरी, तांबंयुक्त बुरशीनाशक किंवा क्लोरोथॅलोनील हे बुरशीनाशक, द्राक्षाचे डोळे फुटताना, पोंगा अवस्थेत, आपण जागे असतो तसंच. बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रणसुद्धा चालतं. निदान दोन वर्षं लागोपाठ करायचं.

पण नुसत्या औषधानं भागत नाही. ब्लू स्प्रूस मुळात रॉकी पर्वतातलं, कोरड्या हवेचं झाड, ते आणून मिशिगनच्या दमट हवेत दाटीनं लावलं आणि लॉनचा स्प्रिंकलर रोज पहाटे खालच्या फांद्या भिजवत होता! आम्ही आधी स्प्रिंकलरचं तोंड फिरवलं, मग मुलाचं मन वळवून मधली तीन झाडं काढली, वारा खेळायला लागला. पुढं लावायचंच झालं तर नॉर्वे स्प्रूस लावा, त्याला हा रोग बराच कमी धरतो. आणि एक, पाइनच्या आतल्या जुन्या सुया पानगळीच्या दिवसात पिवळ्या होऊन गळतात तो रोग नाही, त्याला काही मारू नका.

गेल्या वर्षी आणि यंदा, अशी दोन वर्षं मेपासून फवारलं. वरच्या फांद्यांवर आता गेल्या वर्षीच्या सुया टिकून आहेत. खालच्या ज्या उघड्या पडल्या त्या गेल्या, स्प्रूसच्या बोडक्या फांदीला परत सुया फुटत नाहीत.

तुमच्या शेतीच्या पानावर कोळी आणि बुरशी भिंगातून कशी वेगळी दिसते ते एकदा मोठ्या फोटोंसकट छापा ही विनंती. आपल्याकडंही दुकानदार पान न बघताच बाटली हातात देतो, आणि तिकडं गेलेल्या आमच्यासारख्यांनाही मराठीत वाचायला मिळेल. माझ्याकडं दोन्ही सुयांचे फोटो आहेत, हवे असतील तर पाठवतो.

आपला,
एक द्राक्षबागायतदार, ता. निफाड