मॉरिशसला लष्कर कुठून आणलंत?

महोदय,

मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाची बातमी कालच्या अंकात वाचली. 'मॉरिशसच्या लष्कराने मानवंदना दिली' म्हणे! संपादकसाहेब, त्या देशाला लष्करच नाही. पोलीस दल आहे आणि त्यातच स्पेशल मोबाइल फोर्स ही निमलष्करी तुकडी व तटरक्षक दल. त्या तटरक्षक दलाचं प्रमुखपद वर्षानुवर्षं आपल्या नौदलाचा अधिकारी सांभाळत आलाय. त्यांची 'बाराकुडा' ही गस्तनौका कोलकात्यात बांधलेली, २०१५ साली याच १२ मार्चला आपल्याच पंतप्रधानांच्या हस्ते दाखल झालेली. छापण्याआधी कुणाला तरी विचारायचं होतंत.

पंतप्रधानांचे फोटो भरपूर. 'आयएनएस इंफाळ'ला मात्र एक ओळ, 'युद्धनौकाही उपस्थित होती', लग्नात कोपऱ्यात बसवलेल्या लांबच्या आत्यासारखी. ती माझगाव डॉकमध्ये बांधलीय, हे मुंबईच्या पेपरला तरी सुचायला हवं होतं.

पण तुम्हालाच कशाला बोलू? मी नौदलात असताना आमचं जहाज मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदराला लागलं होतं. लोकांना जहाज बघायला खुलं ठेवलं होतं. जेट्टीवर रांग लागली, त्यात तिथली मराठी मंडळी बरीच. पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहूनही अडखळत का होईना, मराठी बोलत होती. नऊवारीतल्या एक आजी गँगवेपाशी, म्हणजे जहाजावर चढायच्या शिडीपाशी पोचल्या आणि वरून हुकूम आला, 'व्हिजिटर्स बंद.' का? तर संध्याकाळी क्वार्टर डेकवर, म्हणजे जहाजाच्या मागच्या डेकवर, बड्या पाहुण्यांची पार्टी! ऑनिंग, म्हणजे वरचं कापडी छत, ताणायचं होतं, दिव्यांच्या माळा सोडायच्या होत्या, सकाळी ब्रासोने घासलेली पितळ पुन्हा घासायची होती. आजींना परत पाठवायचं काम माझ्याकडे. 'तू कोकणातला का रे?' एवढंच विचारलं त्यांनी, नि पुरणपोळ्यांचा डबा माझ्या हातात दिला. डबा परत द्यायलाही खाली उतरू दिलं नाही. रात्री त्याच डेकवर दोन्हीकडचे साहेब एकमेकांना स्मृतिचिन्हं देत होते आणि आम्ही ट्रे घेऊन फिरत होतो. 'दोन देशांतील जनतेचे ऋणानुबंध' असं भाषणात कोणीतरी म्हणालंही. जनता जेट्टीवरूनच घरी गेली होती.

'लष्करा'ची दुरुस्ती छापाल तर ठळक छापा, पान सहाच्या तळाशी नको. आणि आमच्या दापोलीत हल्ली अंक दुपारी येतो, तेवढं वितरण विभागाच्या कानावर घाला.

— एक निवृत्त नौसैनिक, दापोली