तुझ्या पत्रातली एक ओळ

दांडिया बाजार, बडोदा
१८ जुलै

प्रिय विन्या,

तुझं पत्र दुपारी मिळालं. फोनवर लिहिलं नाहीस ते बरं केलंस, घरातला फोन सगळ्यांच्या हातात असतो. इकडे सगळे मजेत, आईचा गुडघा पावसाळ्यात असतो तसा.

चार पानं तू त्या दाण्यांवर घातलीस, तर आधी तेच घेऊ. शिश्नमुंडाच्या कडेनं ओळीत, सगळे एकसारखे, एक-दोन मिलिमीटरचे, गुळगुळीत, कातडीच्या रंगाचे, दुखत नाहीत, खाजत नाहीत, असं तू लिहितोस. वर्णन खरं असेल तर हा रोगच नाही. वयात आल्यावर कित्येक पुरुषांना हे दाणे येतात. ते कुणाकडून लागत नाहीत, कुणाला जात नाहीत. घाबरलेला माणूस पहिल्यांदाच उजेडात निरखून बघतो, म्हणून ते नवे वाटतात. कातडी ताणल्यावर दिसणारे पिवळट कण तेलग्रंथींचे, तेही निरुपद्रवी. चामखिळीची गोष्ट वेगळी. ती खरखरीत, फुलकोबीसारखी वेडीवाकडी वाढते, बहुधा एचपीव्ही या विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे, आणि संबंधानंतर कित्येक महिन्यांनीसुद्धा उगवते. फोडाच्या मधोमध खळगा असेल तर मोलस्कम, तोही विषाणूचाच. रात्री खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यातही असेल, तर खरूज. खरजेचे गाठीसारखे फोड लिंगावरही बऱ्याचदा येतात आणि औषधानंतरही काही आठवडे टिकतात. हे सगळं डोळ्यांनी बघून ठरतं, पत्रातून नाही.

बंड्यानं दिलेली ट्यूब मात्र आजच बंद कर. तो मेडिकलवर बसतो म्हणून डॉक्टर होत नाही, जीवशास्त्राच्या वहीत त्यानं बेडकाला पाच पाय काढले होते हे विसरलास का? असल्या मिश्रणाच्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा जोरदार स्टेरॉइड असतं. चार दिवस लाली बसते, मग कातडी पातळ होते, असलेली बुरशी पसरते, आणि तपासणाऱ्याला मूळ रूपच दिसत नाही.

आता खरी गोष्ट. तिसऱ्या पानाच्या तळाशी तू लिहितोस, "एप्रिलमध्ये एक जखम झाली होती, दुखली नाही, आपोआप गेली." आणि पुढच्या ओळीत पुन्हा दाण्यांवर. विन्या, मी दुपारपासून त्या ओळीवर अडकलोय.

मार्चअखेर भोपाळचा तो मुक्काम आणि तीनेक आठवड्यांनी एकच, न दुखणारी, कडक बुडाची जखम. उपदंश, ज्याला आपल्याकडे गरमी म्हणतात, तो नेमका असाच येतो: संबंधानंतर १० ते ९० दिवसांत, सरासरी २१. काहीच केलं नाही तरी जखम तीन ते सहा आठवड्यांत भरून येते. माणूस म्हणतो, सुटलो. जंतू तेव्हा रक्तात उतरलेले असतात. पुढच्या काही आठवड्यांत, कधी महिन्यांत, अंगावर, तळहातांवर, तळपायांवर न खाजणारे डाग येतात, जांघेत नाहीतर गुदाशेजारी चपटे, ओलसर उंचवटे येतात. त्यांना चामखीळ समजून जाळणारे भेटतात. तेव्हा रक्ताचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय कुणालाही काही जाळू देऊ नकोस. दुखली नाही म्हणून तू ती जखम सोडून दिलीस. नागिणीच्या जातीतली हर्पिस असती तर दुखऱ्या फोडांच्या घोसानं तुला झोपू दिलं नसतं.

मधुरावहिनीला दिवस गेले, मनापासून अभिनंदन, काकूंना नमस्कार सांग. पण त्यामुळेच हे पुढच्या महिन्यावर टाकता येत नाही. हा रोग पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. गर्भपात होऊ शकतो, मूल मृत जन्मू शकतं. आणि वेळेत पेनिसिलिन मिळालं तर बहुतेक बाळं वाचतात.

सोमवारी सकाळी तुमच्या इंदूरच्या एम.वाय. हॉस्पिटलमध्ये त्वचा व गुप्तरोगाच्या ओपीडीत जा. सरकारी मेडिकल कॉलेजांत लैंगिक आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं, औषधं फुकट मिळतात. उपदंशाच्या रक्ततपासण्या दोन प्रकारच्या: व्हीडीआरएल किंवा आरपीआर आणि सोबत टीपीएचए, दोन्ही सांग, एकावर भागवू नकोस. उपाशी जायची गरज नाही. त्याच रक्तात एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी करून घे. एचआयव्हीची तपासणी संमतीनं होते आणि ती गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. तीन महिने उलटून गेलेत, तेव्हा आता निगेटिव्ह आली तर त्यावर विश्वास ठेव. आधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर १०९७ ही एड्सची हेल्पलाइन फुकट आहे.

उपदंश निघाला तर बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, अर्धं एका कुल्ल्यात, अर्धं दुसऱ्यात. पहिल्या वर्षातल्या रोगाला तेवढ्यानं भागतं, जुना असेल तर दर आठवड्याला एक असे तीन डोस. दुखतं, आरडाओरडा कर. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर सुई दिसायच्या आधी सांग, आणि नंतर अर्धा तास तिथेच बस. त्या रात्री ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर घाबरू नकोस, मरणाऱ्या जंतूंमुळे ती येते, दिवसभरात उतरते. पुरळ, सूज किंवा दम लागला तर मात्र लगेच परत. व्हीडीआरएल किंवा आरपीआरच्या रिपोर्टवरचा १:१६, १:३२ असा आकडा जपून ठेव. सहा आणि बारा महिन्यांनी तो निदान चौपट उतरला पाहिजे, म्हणजे १:३२ चा १:८. टीपीएचए पुढेही पॉझिटिव्ह राहील, त्यानं हबकू नकोस.

रिपोर्ट येईपर्यंत संबंध नको. निरोधसुद्धा इथे पुरत नाही, त्याबाहेरची कातडीही संसर्ग देते.

आणि मधुराला सांग. तुझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्याच दिवशी, तिच्या डॉक्टरांनाही. तिच्या कार्डावर आधीची तपासणी निगेटिव्ह असली तरी त्यावर विसंबू नका, ती कदाचित संसर्गाच्या पहिल्या दिवसांतली असेल. गरोदरपणात बाळाला वाचवणारं औषध पेनिसिलिनच, कुणी गोळ्यांवर भागवायला निघालं तर विचार, का म्हणून. ती रडेल, बोलेल, कदाचित माहेरी जाईल. तरीही सांग. तुला जमत नसेल तर मी रात्रीच्या गाडीनं येतो, दोघं मिळून बसू. रामबागेतल्या कॅरमच्या राणीवरून तू अजून चिडलेला आहेस, ते भांडण तेव्हा पुरं करू.

नोकरीचं काय ते पुढच्या पत्रात लिही. सोमवारी रक्त दिलंस की एवढंच कळव, "दिलं." रिपोर्टचा फोटो पाठवू नकोस, आकडा फोनवर वाचून दाखव.

तुझा,
नंदू