ट्रान्सप्लांटनंतर मनाचीपण तपासणी हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्टेम सेल ट्रान्सप्लांट, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी पेशंटच्या शरीरात सोडणं, यशस्वी झालं की सगळे अभिनंदन करतात, नंतर त्या माणसाचं काय होतं ते फारसं कोणी लिहित नाही म्हणून हे पत्र. माझ्या बहिणीचा डोनर, म्हणजे तिला पेशी देणारा, मीच होतो, त्यामुळे जवळून बघितलंय.

लोकांना वाटतं डिस्चार्ज मिळाला म्हणजे सुटलो. पण पहिले १०० दिवस फार जपावं लागतं, इम्युनिटी नीट यायला वर्ष किंवा जास्तपण लागतं, लहानपणीच्या लशीसुद्धा परत घ्याव्या लागतात. एवढे महिने मास्क लावून, गर्दी टाळून बसायचं म्हटल्यावर माणूस एकटा पडणारच ना. त्यात स्टिरॉइड चालू असेल तर झोप उडते, चेहरा सुजतो, चिडचिड होते आणि घरचे म्हणतात स्वभावच बदलला हिचा. अहो गोळीमुळेपण होतं ते! डॉक्टरांना सांगा, फक्त आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

अजून एक गोष्ट कोणी बोलत नाही. डोनरच्या पेशी कधीकधी पेशंटच्याच शरीरावर हल्ला करतात, त्याला जीव्हीएचडी म्हणतात. ताईच्या अंगावर पुरळ आलं, तोंड आलं, पाणी पितानाही डोळ्यात पाणी यायचं, आणि मला सारखं वाटायचं की हे माझ्याच पेशींचं काम. यात कोणाचा दोष नसतो हे डोक्याला कळायचं, पण मन ऐकत नव्हतं. मला वाईट वाटेल म्हणून ती माझ्यासमोर दुखतंय म्हणायचीच नाही, मी बाहेर गेलो की आईला सांगायची. फॉलोअपला प्लेटलेट, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), लिव्हर सगळं बघितलं जायचं, पण रडू येतं का, रिपोर्टच्या आदल्या रात्री झोप लागते का, हे एकदाही कोणी विचारलं नाही.

माझं म्हणणं एवढंच की काउन्सेलर ट्रान्सप्लांटच्या आधीपासूनच टीममधे असावा, पेशंट कोलमडल्यावर शोधत बसायला नको. मूल होण्याचा प्रश्न, नवराबायकोतला दुरावा, आजार परत येईल ही भीती, हे सगळं पेशंट आपणहून काढत नाही, विचारावंच लागतं. हाच आजार काढलेल्या दुसऱ्या कोणाशी बोलायला मिळालं तर फार बरं वाटतं, ताई तशीच मोकळी झाली. आणि नातेवाईकांनो, ते 'पॉझिटिव्ह राहा' जरा कमी करा, त्याने समोरचा गप्प होतो फक्त.

सोबत राहणाऱ्यांची आणि डोनरचीपण चौकशी व्हावी ही विनंती.

आपला,
एक वाचक