शाहूपुरीतला तळमजला घेऊ नका, आबा

श्टुटगार्ट,
रविवार

तीर्थरूप आबा आणि आई यांस साष्टांग नमस्कार.

दादानं पाठवलेले कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या तळमजल्यावरच्या फ्लॅटचे फोटो काल रात्री एकेक मोठे करून बघितले. हॉल ऐसपैस आहे, 48 लाखांत तेवढी जागा स्वस्तच. पण तिसऱ्या फोटोत दाराजवळचा स्विचबोर्ड बघा. डोक्याच्याही वर बसवलाय. त्याच्या खाली, कमरेच्या उंचीवर, भिंतीत एक चौकोन गिलाव्यानं बुजवलेला आहे. रंग मारलाय तरी कड दिसतेय. जुना बोर्ड तिथं होता, आणि तो वर का नेला हे तुम्हाला मी सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. पुरात नदी 2019 ला 55 फुटांच्या वर गेली, 2021 ला 56 च्या. एजंट म्हणतो पाणी रस्त्यापर्यंतच आलं होतं. माझा विश्वास त्या भिंतीवर आहे.

तुम्ही म्हणाल, आपल्याला कुठं राहायचंय, भाड्यानंच तर द्यायचाय. आबा, 2019 ला माझी मैत्रीण आणि तिची आई आपल्याकडं आठ दिवस राहिल्या होत्या, आठवतंय ना? तळमजल्यावर भाड्यानं राहायच्या. गाद्या, कपाट, तिची सगळी पुस्तकं गेली. आणि चिखल काढायच्या आधी मालकानं त्या महिन्याचं भाडं मागितलं. आपल्या आईनं त्या दिवशी जेवण केलं नव्हतं. आपल्या जागेत भाड्यानं राहणाऱ्या कुणावर तशी वेळ येऊ नये, एवढं मला फार मनापासून वाटतं.

म्हणून सागरमाळ, राजारामपुरी, विद्यापीठाच्या बाजूला बघा. जागा थोडी लहान मिळेल, पण पोरं आणि नोकरदार तिकडंच शोधतात. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात ऑगस्ट 2025 ला सुरू झाल्यापासून बाहेरगावचे वकीलही यायला लागलेत, पण त्यांना कोर्टाजवळ, सीपीआर हॉस्पिटलच्या बाजूला हवं असतं, त्यांच्या भरवशावर दर वाढवून मागणाऱ्याचं ऐकू नका. जागा आवडली की महापालिकेच्या नगररचना विभागात सिटी सर्व्हे नंबर सांगून पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा बघून या. जागेच्या मालकीचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून काढून घ्या, भोगवटा प्रमाणपत्र स्वतः हातात घेऊन वाचा. आणि एकदा सकाळी, पाणी येतं त्या वेळेला जाऊन नळ सोडून बघा.

हिशोबही मांडलाय. भाडं 14,000 धरलं तर वर्षाचे 1,68,000. एक महिना रिकामा जाणार, सोसायटीचे महिन्याला दीड हजार, घरफाळा आणि दुरुस्तीला 16,000. हातात राहतात 1,20,000, म्हणजे 48 लाखांवर अडीच टक्के. बँकेतली ठेव यापेक्षा जास्त देते. तेव्हा कर्ज काढून तर मुळीच घ्यायचा नाही, आणि नुसत्या भाड्यासाठीही नाही. पुढं तुम्हाला जिने चढवेनात तेव्हा लिफ्टचा एक फ्लॅट हाताशी असावा, हे माझं खरं कारण.

फ्लॅट माझ्या नावावर नको. मालक परदेशात राहणारा असला की भाडेकरूनंच भाड्यातून जवळजवळ 31 टक्के कर कापून सरकारकडं भरायचा असतो, भाडं कितीही कमी असो. विद्यार्थी कुठला ते करणार? मी पैसे तुम्हाला बक्षीस म्हणून देईन, लेकीनं वडिलांना दिलेल्या पैशावर कर लागत नाही. फ्लॅट तुमच्या नावावर घ्या. दादा-वैनींना हे आधी सांगा, मागून कानावर जायला नको.

भाडेकरूशी ठरलेलं मागच्या वेळेसारखं तोंडी मात्र ठेवू नका. भाड्याचा करार नोंदवणं कायद्यानं मालकाची जबाबदारी आहे, आणि वाद झाला तर लेखी करार नसताना भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. अकरा महिन्यांच्या करारावर एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक, म्हणजे आपल्याला चारशेच्या आसपास, आणि नोंदणीचे हजार. त्यासाठी जीव टांगणीला लावायचा नाही.

इथं मी भाड्यानं घर घेतलं तेव्हा मालकीणबाई सत्तरीच्या, चष्मा लावून माझ्याबरोबर खोलीखोलीत फिरल्या. मीटरचे आकडे लिहिले, किल्ल्या मोजल्या, पाच, आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावरचा नखाएवढा ओरखडासुद्धा कागदावर घेतला. दोघींनी सह्या केल्या. इथल्या कायद्यानं अनामत मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती मालकाला स्वतःच्या पैशात मिसळता येत नाही. आपणही तसंच करू. अनामत तुमच्या वेगळ्या खात्यात, तिला हात लावायचा नाही. तो ओट्याचा कागद मी मराठीत लिहून दादाला पाठवते.

आणि भाडेकरू मुली असल्या, एकट्या असल्या तर नाही म्हणू नका. पुण्यात मला चार घरांनी तेवढ्यासाठी परत पाठवलं होतं.

एजंट टोकनची घाई करेल. देण्याआधी मला फोन करा, इथं मध्यरात्र असली तरी चालेल. आईच्या गुडघ्यांचा एक्स-रे झाला का, तेही कळवा.

तुमची लेक