ओलाव्याचा हिशेब

महोदय,
२०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. दिवाळीआधी व्यापाऱ्याने मूठभर दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात टाकले, ‘पंधरा आहे’ म्हणाला आणि चार हजार भाव लावला. हमीभाव देणाऱ्या सरकारी खरेदी केंद्राची अट तेव्हा १२ टक्के ओलाव्याची. कृषी केंद्राची उधारी डोक्यावर असताना सोयाबीन वाळवत कोण बसणार? केंद्र सरकारने मर्यादा १५ वर नेली ती नोव्हेंबरात. तोवर आमची पोती गेली होती.

१५ चा ओलावा १२ वर आणला तर क्विंटलमागे साडेतीन किलोच्या आत घट येते. हमीभावाने जेमतेम १७० रुपये. माझे कापले जवळपास नऊशे! हे वरचे सातशे नेमके कशाचे, यावर कृषी अर्थशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहावा. काटापट्ट्या मी जपून ठेवल्या आहेत.

– एक सोयाबीन उत्पादक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ