खणभागातल्या बाइंडरकाकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

कादंबरी छापून आली तेव्हा पहिली प्रत घेऊन मी तुमच्याकडंच आले होते. तुम्ही नाव वाचायच्या आधी ती मधोमध उघडलीत, पाठीच्या आतून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "शिलाई न्हाई. नुसता गोंद." अर्पणपत्रिकेत तुमचं नाव घालायचं होतं, पण तुम्ही आधीच 'नाव नको' म्हणून बजावलं होतंत. निदान तोंडी आभार मानावेत म्हणून आले होते. तेवढ्यात शाळेच्या रजिस्टरांचं गिऱ्हाईक आलं आणि ते राहूनच गेलं. म्हणून आता चारचौघांसमोर लिहिते आहे. स्वतःचं दुकान गाळात असताना तुम्ही माझ्यासाठी काय केलंत, ते आपल्या सांगलीला कळू दे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही गावभागातले सगळे एकाच भरवशावर होतो, तो म्हणजे २००५ चा पूर. त्या साली आमच्या सोप्यात गुडघाभर पाणी आलं होतं. भिंतीवरची ती रेघ आईनं रंगकाम करतानासुद्धा पुसू दिली नव्हती. त्या रेघेच्या वर चांगली हातभर उंच फळी बघून मी कादंबरीची तीनशे पानं ठेवली. शेजारी आईचं हिशेबाचं रजिस्टर ठेवलं, आणि विश्रामबागला बहिणीकडं गेले. मग दर तासाला मोबाइलवर कोयना धरणाचा विसर्ग आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी. ४५ फूट ही धोक्याची पातळी बघता बघता मागं पडली आणि पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. भिंतीवरच्या रेघेनं आम्हाला फसवलं असं मी खूप दिवस म्हणत होते. आता नाही म्हणत. आईनं ती रेघ आठवण म्हणून ठेवली होती, हमी मीच धरून बसले होते.

आईला जाऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. माझं प्रत्येक प्रकरण आधी ती ऐकायची. मेथी निवडत, शेंगा फोडत. चांगलं वाईट काही म्हणायची नाही. फक्त हात थांबला की मला कळायचं, इथं काहीतरी लागलंय. ती गेल्यावर एक ओळ लिहून झाली नव्हती. कोणाला वाचून दाखवू, हा साधा प्रश्न होता आणि त्याला उत्तर नव्हतं.

पाणी ओसरल्यावर घरात शिरले तर कपाट आडवं, आणि पानांचा ओला ठोकळा गाळात. तो आणि रजिस्टर बादलीत घालून मी खणभागात आले. तुमचं शटर अर्धं वर होतं. आत पुठ्ठ्यांच्या थप्प्या फुगून उकललेल्या, बाइंडिंगच्या कापडाचे गुंडाळे चिखलानं माखलेले, कटिंग मशीनच्या चाकापर्यंत गाळ. तुम्ही खराट्यानं तो बाहेर ओढत होतात. माझी मलाच लाज वाटली. या माणसाचं सगळं गेलंय आणि आपण कागद घेऊन आलोय. मी परत फिरले तर तुम्हीच हाक मारलीत, "ताई, बादलीत काय हाय?"

तुम्ही हात धुतलेत. ठोकळ्याला हात न लावता आधी कडेनं नुसतं पाहिलंत. मग रजिस्टर उघडलंत आणि म्हणालात, "हे शिसपेन्सिलीनं लिहिलंय. पाणी हिला काय करत न्हाई. ही वही वाचंल. तुमचं जेल पेन हाय, शाई सुटलीय. खोटं कशाला सांगू?"

त्या दिवसांत सगळे मला धीर द्यायला खोटं बोलत होते. तुम्ही खरं बोललात. मला खरोखर धीर आला तो तेव्हा.

पुढचे दिवस मी विसरू शकत नाही. सगळं एकदम वाळवणं शक्य नव्हतं आणि ओल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. म्हणून कादंबरीचा ठोकळा तुम्ही प्लास्टिकमध्ये गुंडाळून, बेदाण्याच्या रिकाम्या खोक्यात घालून तासगावला पाहुण्यांच्या ओळखीनं कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवायला लावलात. थंडाव्यात बुरशी रेंगाळते म्हणालात. रजिस्टर मात्र त्याच दिवशी हातात घेतलंत. दुधाची पिशवी कापून, धुऊन, ते प्लास्टिक ओल्या पानावर पसरायचं, तळव्यानं हलकेच दाबायचं. पान प्लास्टिकला धरतं. मग एका कोपऱ्यापासून उचलायचं, श्वास रोखून. खाली वर्तमानपत्र, वर वर्तमानपत्र, आणि तासाभरानं दोन्ही बदलायची. ऊन पडलं तरी उन्हात ठेवू दिलं नाहीत, कागद वाकडा होतो म्हणून. वीज आली तशी मी बहिणीच्या घरचे तीन पंखे सुरू करून हॉलभर आईची पानं पसरली. बहिणीची मुलं चार दिवस भिंतीला धरून चालत होती.

आणि तेव्हा मी ते रजिस्टर पहिल्यांदा वाचलं. इतकी वर्षं घरात होतं, पण दूध-भाजीचा हिशेब कोण वाचतो?

बाबा गेले १९९८ च्या जानेवारीत. त्या तारखेला आईनं काही लिहिलं असेल असं वाटलं नव्हतं. पण ओळ होती. 'दूध ३ लिटर. (शेजारून १.)' दुसऱ्या दिवशी 'दूध ३, साखर २ किलो, चहापत्ती अर्धा.' असं तेराव्यापर्यंत. भेटायला येणाऱ्यांचा चहा. रडण्याचा एक शब्द नाही. आणि चौदाव्या दिवसापासून रतीब पुन्हा लागला तो एक लिटरचा नाही, पाऊण लिटरचा. बाबांचा पाव लिटर आईनं वजा केला होता. अक्षर तेच, बारीक, उजवीकडं झुकलेलं.

काका, कादंबरीत बापाच्या मरणाची मी नऊ पानं लिहिली होती. पाऊस, दिवा, पैलतीर, काही ठेवलं नव्हतं. आई ती ऐकत असताना शेंगा फोडायचा हात एकदाही थांबला नव्हता. मी तेव्हा मनातून रुसले होते. तिला साहित्य कळत नाही असंही एकदा मनात आलं होतं, ते इथं कबूल करते. ती पाऊण लिटरची ओळ वाचली आणि विश्रामबागेत बहिणीच्या फरशीवर बसून मी आईसाठी पहिल्यांदा पोटभर रडले. दोन महिने ते अडकून राहिलं होतं.

तासगावहून खोकं आलं. तीनशेतली जेमतेम ऐंशी पानं वाचता येत होती, बाकीच्यांवर निळे ढग. जे गेलं ते आठवून लिहायला घेतलं. जे आठवलं नाही ते लिहिलं नाही, आणि नऊ पानांतलं मला काहीही आठवेना. त्यांच्या जागी दुधाचा हिशेब आला. वाचक त्याच पानाबद्दल मला पत्रं लिहितात. ते पान तुम्ही दुधाच्या पिशवीवर तोलून उचललंत म्हणून आहे. मी आता शिसपेन्सिलीनंच लिहिते.

रजिस्टर तुम्ही नव्यानं शिवलंत, खळीत मोरचूद घालून कसर लागणार नाही अशी तजवीज केलीत, पाठीला मरून कापड लावलंत. मशीन अजून दुरुस्तीला गेलेलं, म्हणून कडा कापल्या नाहीत. नंतर कापू का विचारलंत तेव्हा मी नको म्हणाले. पुराच्या पाण्याची तपकिरी किनार तशीच हवी होती. मजुरी विचारली तर म्हणालात, कापडाचे तेवढे द्या. ऐंशी रुपये. तेव्हा तुमच्याकडं नवा पुठ्ठा घ्यायला पैसे नव्हते हे मला सहा महिन्यांनी, दुसऱ्याकडून कळलं. ते मला अजून टोचतं.

येत्या मंगळवारी येते आहे. कादंबरीची माझी प्रत सोबत आणते. गोंद काढून तिला नीट शिलाई घाला, कापड मरूनच लावा, आईच्या रजिस्टरशेजारी ठेवायची आहे. आणि या खेपेला मजुरी पूर्ण घ्यायची, काका. घेतल्याशिवाय मी दुकानातून उठणार नाही.

तुमची कृतज्ञ,
गावभागातली ताई