आफ्रिकेत नुसते सिंह नाहीत, किल्लेपण आहेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत आफ्रिकेच्या टूरवर पानभर लेख आला होता, फोटो झकास होते, पण अख्ख्या पानात सिंह, हत्ती, जिराफ आणि मावळता सूर्य, माणसाच्या हातानं उभी केलेली एक भिंत नाही. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी आणि मिसेस इथल्याच एका टूरवाल्याबरोबर केनियाला गेलो होतो. मसाई मारा हे तिथलं अभयारण्य बघावंच, त्यात वादच नाही, विल्डबीस्टचे (गाईएवढ्या रानटी हरणांचे) कळप नदीत उड्या टाकतात तेव्हा अंगावर काटा येतो. वाईट एवढंच वाटलं की एका सिंहिणीभोवती तेरा गाड्या लागल्या होत्या, पाचपेक्षा जास्त लावायच्या नाहीत असा तिथला नियम आहे, आणि ड्रायव्हरला "अजून जवळ घे" म्हणणारे आपल्याच ग्रुपमधले.

शेवटचे दोन दिवस मोम्बासा, कार्यक्रमात फक्त 'बीच' लिहिलेलं. मी म्हटलं किल्ला बघायचाय, तर मॅनेजर म्हणाला, काका तिथं काय नाही, जुन्या भिंती आहेत नुसत्या. अहो पन्हाळ्यावर लहानपण गेलेल्या माणसाला जुन्या भिंतीच बघायच्या असतात! शेवटी आम्ही चौघं रिक्षा करून गेलो, तिथंपण आपल्यासारख्याच तीनचाकी रिक्षा आहेत, टुकटुक म्हणतात.

फोर्ट जीझस. पोर्तुगीजांनी १५९३ ते १५९६ मध्ये बांधलेला, २०११ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. आपले किल्ले काळ्या दगडाचे, हा समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाचा, भिंतीच्या अगदी जवळ तोंड नेऊन बघितलं तर दगडात प्रवाळाची बारीक नक्षी दिसते, हात फिरवला की खरखरतं. आत पोर्तुगीज शिपायांनी भिंतीवर काढलेली जहाजांची चित्रं जपून ठेवलीत, मी तिथं बराच वेळ उभा होतो, घरापासून इतक्या लांब येऊन पडलेली पोरं, दुसरं काय काढणार. ओमानच्या अरबांनी १६९६ मध्ये वेढा घातला आणि जवळजवळ तीन वर्षं किल्ला लढला, १६९८ च्या शेवटी पडला.

वेढा म्हटल्यावर मला पन्हाळाच आठवला. १६६० मध्ये आपल्या पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर हा हबशी, म्हणजे मूळचा आफ्रिकेचाच. औरंगाबादचा पाया घालणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मलेला, जंजिऱ्याचे सिद्दी तिकडूनच आलेले. दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालणाऱ्या पोरांना जौहर तोंडपाठ आहे, पण तो कुठल्या मुलखातला, तिकडं किल्ले कसे, हे कुणी सांगत नाही, आणि आफ्रिका म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जंगलच येतं.

किल्ल्यामागच्या जुन्या गल्ल्यांमध्ये मिसेसनी कांगा घेतला. त्यांच्या माहेरी इचलकरंजीला माग आहेत, त्यामुळं कापड हातात घेतल्याशिवाय त्या पुढं जातच नाहीत. कांगा म्हणजे एकसारखे दोन तुकडे, चारी बाजूंनी काठ, मध्ये नक्षी, आणि खाली स्वाहिलीत एक म्हण छापलेली. आमच्यावर होतं "हराका हराका हाइना बराका", दुकानदारीण बाईनं अर्थ सांगितला, घाईघाईत बरकत नसते. बराका म्हणजे आपली बरकतच की! तिकडं पैशाला पेसा, गाडीला गारी, आणि सफारी हा शब्दसुद्धा आपल्या सफरचाच भाऊ.

घरी आल्यावर वाचत गेलो तर झिम्बाब्वेतलं ग्रेट झिम्बाब्वे, म्हणजे एका जुन्या दगडी शहराचे अवशेष, कळलं. चुना-माती काही न वापरता दगडावर दगड रचून उभी केलेली भिंत, काही ठिकाणी ११ मीटर उंच, घेर साधारण २५० मीटर. गोऱ्या लोकांनी कितीतरी वर्षं हे मान्यच केलं नाही की हे आफ्रिकी माणसांनी बांधलं, कुणी भूमध्य समुद्राकाठच्या प्राचीन फिनिशियन लोकांचं म्हणायचं, कुणी बायबलमधल्या शेबाच्या राणीचं. गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ बाईंनी १९२९ मध्ये खोदून दाखवलं की हे इथल्याच लोकांचं काम आहे, तरी तिथलं गोरं सरकार ऐकायला तयार नव्हतं. १९८० मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशाला नावच या दगडी घरांचं दिलं. सांगा, हे पुरवणीत यायला नको?

जून ते ऑगस्टच्या टूरचं बुकिंग आपल्याकडं उन्हाळ्यातच होतं, तेव्हा एप्रिलमध्ये एक पान मोम्बासा, झिम्बाब्वे, इथिओपियातली लालिबेलाची खडकात कोरलेली ११ चर्च यांच्यावर द्या ही विनंती. लालिबेला तर वेरूळच्या कैलासासारखं वरून खाली कोरलंय. आणि यलो फीवरची लस जायच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, केनियाहून परत येताना आपल्या विमानतळावर कार्ड बघतात, हेपण त्या पानावर छापा.

आपला एक जुना वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर